दुखावलेला पाय आणि तालीम

पहाटे पाचच्या सुमारास भोसरीच्या किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून जरा फेरफटका मारा. रात्रपाळीचे कामगार बसमधून उतरत असतात आणि त्याच रस्त्याच्या कडेने पोरे धावत असतात. ती हौसेखातर धावत नाहीत. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण. त्यांतले २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे, १५ शंभर मीटरचे आणि १५ गोळाफेकीचे. कला शाखेची पदवी घेणाऱ्या आमच्यासारख्यांपुढे एका बाजूला कंत्राटी काम आणि दुसऱ्या बाजूला ही वर्दी! मग पाय दुखला तरी कोण थांबणार?

पाय दुखतोच. डांबरी रस्ता, झिजलेले बूट आणि भरतीची जाहिरात निघाली की एकाएकी दुप्पट केलेले अंतर. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या लष्करी डॉक्टरने प्रशियन सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन करून ठेवले आहे. त्या दुखण्याला पुढे ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणू लागले. बोटांमागच्या लांब हाडाला केसासारखी बारीक चीर पडते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार पडतो. दम काही आठवड्यांत वाढतो, हाड मात्र आपल्या संथ गतीने घट्ट होते. छाती म्हणते पळ, आणि पाऊल म्हणते थांब!

यंदा पावसाळ्यात ही चीर माझ्याही वाट्याला आली. डॉक्टरांनी धावणे सहा आठवडे बंद केले, व्यायाम मात्र बंद करू नकोस असे सांगितले. मी व्यायामशाळेत नाव घातले, तर मित्र म्हणाले, “आता काय आरशापुढे दंड फुगवणार?”

या थट्टेमागची समजूत मला मान्य नाही. धावणाऱ्याचे आणि वजन उचलणाऱ्याचे शरीर जणू वेगळ्या मातीचे, तालीम म्हणजे पळता न येणाऱ्याची सोय, असे आपण धरून चालतो. आपल्याच परिसरातील टेल्कोत ज्यांनी नोकरी केली, त्या मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण घ्या. ते लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या जखमेशी माझ्या चिरेची तुलना करणे हास्यास्पद ठरेल. पण उपचारासाठी धरलेली वाट दुय्यम असते, हे त्यानंतर कोणी म्हणू नये.

अर्थात तालमीतही डोळे उघडे हवेत. आपली देशी बैठक घ्या. खाली जाताना टाच उचलली जाते आणि सारा भार चवड्यावर येतो, म्हणजे नेमका दुखऱ्या हाडावर! चीर सांधेपर्यंत बैठका नकोत, दोरीवरच्या उड्या तर नकोतच. जोर मारतानाही चवडा रोवावा लागतो, म्हणून ते गुडघे टेकून. बाकावर पडून छातीचा व्यायाम, बसून डंबेल्स, सिंगल बार (खाली उडी न मारता), पोटाचे आणि पाठीचे व्यायाम एवढे करता येते. गोळाफेकीचा जोर पायापासून सुरू होतो, त्यामुळे मुलांचा ७.२६ किलोचा गोळा मला तूर्त फेकता येत नाही. खांदा आणि पाठ मात्र तयार होत आहेत. पोटऱ्या व मांड्यांची पाळी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. खरे तर ती आधीच यायला हवी. पोटरी बळकट असेल तर धक्क्याचा काही वाटा ती उचलते आणि हाडाचे ओझे कमी होते. मग पाय मोडण्याची वाट कशाला पाहायची? धावणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातले दोन दिवस तालमीला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या जिमखान्यात वजने आहेत, पण ती कुलपात. किल्ली मिळते स्पर्धेच्या आधी, आणि तीही शरीरसौष्ठववाल्यांना. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना सकाळी तासभर ती खोली उघडून द्यायला काय हरकत आहे?

सहावा आठवडा संपत आला आहे. पुढे एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे, एवढीच सुरुवात ठरली आहे. भोसरीच्या रस्त्यावरची पोरे तोवर बरीच पुढे निघून जातील, जाऊ देत.