ग्रंथपालाला दोन दिवस गावाबाहेर जाऊ द्या

येत्या 12 ऑगस्टला गावोगावच्या वाचनालयांत ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार पडेल, फोटो निघेल आणि तो उपक्रमांच्या फायलीत लागेल. ही फाईल महत्त्वाची. तपासणीला ती दाखवावी लागते. पुढे 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, अधूनमधून जयंत्या-पुण्यतिथ्या. कॅलेंडर उघडलं की वर्षाचे कार्यक्रम ठरतात. देवघेवीचं रजिस्टर उघडायची गरजच पडत नाही.

यात ग्रंथपालाला किती दोष द्यायचा? 'ड' या सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयात कुलूप तोच उघडतो, केर तोच काढतो, दाखलनोंदही तोच करतो, आणि त्याचं मानधन विचारू नये. प्रमाणपत्र परीक्षा झाली की त्याचं शिकणंही बहुधा तिथेच संपतं. नंतर कधी शिबिराला बोलावणं आलंच, तर अनुदानाचे तक्ते आणि हिशेब. तेही लागतातच. पण शेतावरून संध्याकाळी परतणाऱ्या बाईला वाचनालयाची वेळ सोयीची आहे का, हा प्रश्न तिथे कोणी काढत नाही.

शंभर वर्षांपूर्वी तो काढला गेला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या बडोदेनरेश सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. बोर्डननी पुढच्याच वर्षी ग्रंथालयाचं काम शिकवणारा वर्ग काढला. बायकांसाठी, मुलांसाठी वेगळे विभाग झाले. खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या निघाल्या, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांचे खेळ. मला सगळ्यात अप्रूप वाटतं ते 'लायब्ररी मिसेलनी'चं. 1912 मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. म्हणजे दुसऱ्या वाचनालयात काय चाललंय, हे खेड्यातल्या ग्रंथपालाला आपल्या भाषेत वाचता यावं, याची सोय संस्थानाने केली होती. आज त्या जागी व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावर सुप्रभात.

कल्पनांची टंचाई नाही. नाशिकच्या विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी'तून पुस्तकांच्या पेट्या सोसायट्यांत, रुग्णालयांत, तुरुंगांत पोचवल्या. कोपनहेगनमध्ये 2000 साली 'मानवी ग्रंथालय' सुरू झालं: पुस्तकाऐवजी माणूस थोड्या वेळासाठी मागायचा आणि त्याच्याशी बोलायचं. आपल्या तालुक्यात हे करायला काय लागतं? निवृत्त एसटी कंडक्टर, आशाताई, ऊसतोडीला जाऊन आलेलं जोडपं आणि चार खुर्च्या. हेलसिंकीच्या ऊडी ग्रंथालयात शिवणयंत्रं आहेत, त्रिमितीय छपाईयंत्रंही. ती राहू द्या. आधी आपल्या अभ्यासिकेकडे बघू. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून तिथे बसतात, स्वतःचे गाइड वाचतात आणि शेजारच्या कपाटाला हात न लावता घरी जातात. रोज दारात येणारा हा वाचक. त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा तास ठेवा: जिल्ह्याचं गॅझेटियर काढा, आपल्याच तालुक्याची पानं वाचा, त्यावर मुलाखतीत विचारतात तसे प्रश्न विचारा. खर्च शून्य.

पण हे सुचायला कुठेतरी पाहिलेलं असावं लागतं. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रंथपालाला वर्षातून दोन दिवस, प्रवासखर्चासह, दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाचनालयात पाठवा. भाषण ऐकायला नको. तिथल्या ग्रंथपालाशेजारी बसून काम करायला. आणि तपासणीत फोटो मोजण्याऐवजी विचारा, की कार्यक्रमाला आलेल्यांपैकी पुढच्या महिन्यात पुस्तक न्यायला किती आले.

त्या दोन दिवसांत वाचनालय कोण उघडणार, असं कार्यकारिणी विचारेल. कार्यकारिणीनेच उघडावं. अध्यक्षांनी एक दिवस, कार्यवाहांनी दुसरा. केरसुणी दारामागे असते.