उल्हास दरीचा फेरा

पुण्याच्या एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाईंनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, दिवाळीच्या सुटींत घरांतील चौघां मुलामुलींस घेऊन लोणावळ्याहून उल्हास दरींत उतरावें व राजमाचीवरून परत यावें, असा बेत ठरला आहे. परंतु ‘पोरांना खुशाल न्या, मुलींना त्या दरींत नेऊं नका,’ असें सासूबाईंनीं बजावलें आहे. हा प्रश्न एकाच घरचा नसल्यामुळें त्याचें उत्तर येथेंच देत आहों.

प्रथम ही वाट कशी आहे तें पाहूं. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० फुटांवर आहे, आणि त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तप्त रसाचे थरावर थर साचून जो काळा पाषाण झाला, तो कापीत उल्हास नदीनें ही दरी खोदली. तुंगार्लीवरून राजमाचीची वाट धरावयाची, फणसराईच्या बाजूनें दाट रानांत उतरावयाचें, कातळधार धबधबा पाहून उधेवाडीस चढावयाचें, आणि राजमाचीच्या वाटेनें लोणावळ्यास परतावयाचें. ही परतीची चालच सुमारें १५ किलोमीटर भरते.

डोंगर आणि दरी यांत एक मोठा भेद आहे. डोंगर आपलें मोल आधीं मागतो. थकलेला मनुष्य तेथूनच मागें फिरतो, आणि उतार त्यास घरीं आणून सोडतो. दरी उधारीवर देते. उतरतांना मुलें हंसतखेळत जातात, आणि पाय जड झाल्यावर चढ समोर उभा राहतो. अमेरिकेंतील ग्रँड कॅनियन ही दरी तर सुमारें ६,००० फूट खोल आहे, आणि तेथें उतरावें तसतसा उन्हाळा वाढत जातो. म्हणूनच नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशीं परत येण्याचा बेत करूं नये, अशी ताकीद तेथील अधिकारी देतात.

आपल्याकडे मुख्य भय पाण्याचें व वाट चुकण्याचें. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणामागील प्रवाहांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत मुलेंहि होतीं. दूर वरच्या अंगास पाऊस पडला तरी खालीं ओढा क्षणांत फुगतो. २०२२ सालच्या मे महिन्यांत नागफणीच्या बाजूस एकट्यानें निघालेला एक परप्रांतीय तरुण वाट चुकला, आणि कांहीं दिवसांच्या शोधानंतर त्याचा देहच हातीं लागला. तेव्हां सासूबाईंची भीति अनाठायीं आहे असें कोणीं म्हणूं नये.

मात्र त्या भीतीनें ओढलेली रेघ आम्हांस मान्य नाहीं. पाणी मुलगा-मुलगी पाहत नाहीं. निसरड्या कातळालाहि तो भेद ठाऊक नाहीं. पुण्याच्या कृष्णा पाटील यांनीं २००९ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, एव्हरेस्टचें शिखर गांठलें. जें मुलींस धोक्याचें तें मुलांसहि धोक्याचें, आणि जी सावधगिरी मुलींसाठीं हवी ती मुलांसाठींहि हवी.

ती सावधगिरी अशी: पावसाळ्यांत या दरीचें नांवहि काढूं नये, आणि दिवाळींतहि आभाळ भरून आलें तर बेत मोडावा. वनखात्याचे निर्बंध आधीं विचारून घ्यावेत. रान जाणणारा स्थानिक वाटाड्या घ्यावा. मोबाईलच्या नकाशावर विसंबूं नये, कारण खालीं संपर्क मिळेलच असें नाहीं. उजाडतांच निघावें. प्रत्येकानें निदान तीन लिटर पाणी, दशम्या व गूळ-शेंगदाणे जवळ ठेवावेत. चालींत सर्वांत मंद असेल त्यास पुढें ठेवावें. दुपारीं बारापर्यंत कातळधार न आली, तर जेथें असाल तेथून मागें फिरावें. लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’ संकटांत धांवून येतात, पण त्यांना बोलावण्याची वेळ न आणणें हें आपलें काम.

ज्यांस हें झेपणार नाहीं त्यांनीं फेरा निराळा करावा. वरच्या वाटेनेंच राजमाचीस जावें, १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं घेतलेले श्रीवर्धन व मनरंजन हे बालेकिल्ले पाहावे, उधेवाडींत मुक्काम करावा, आणि दुसरे दिवशीं कोंडाणें लेण्यांवरून कोंकणांत उतरून कर्जत गांठावें. तेथें गाडीस मागून जादा इंजिनें लागतात आणि बोरघाटाचा चढ रेल्वेच चढून देते. दरीची उधारी आगगाडीनें फेडलेली काय वाईट?

आतां सूनबाईंस एकच सांगणें. बेत लपवूं नये कीं सासूबाईंशीं वादहि घालूं नये. सगळी वाट कागदावर काढून त्यांच्यापुढें ठेवावी आणि विचारावें, “आई, कोठवर जाऊं आणि कोठून मागें फिरूं?” ती खूण त्यांच्याच हातची असावी. आणि ती चौघांसाठीं एकच असावी.