परसातलं गवत कुणी काढायचं?

मंचर, नारायणगाव, जुन्नरमध्ये रूम घेताना तुम्ही काय विचारता? भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. परसातलं गवत कोण काढणार, हे कुणी विचारत नाही. इकडे तेच आधी विचारायला हवं. उसातला बिबट्या कुत्र्यांमागे वस्तीत येतो, कुत्री खरकट्यावर जमतात आणि दाराजवळचं कमरेएवढं गवत त्याला दबा धरायला पुरतं. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माणसं गेली, मुलंही. मग लोकांनी मंचरला पुणे-नाशिक हायवे अडवला. पिंजरे हवेतच, पण आपलं परस काही वनखातं साफ करणार नाही.

मालक म्हणतात, राहणाऱ्याने बघावं. आपण म्हणतो, जागा त्यांची. (खरं तर विळा धरायचा कंटाळा दोघांनाही.) महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 14 घराची दुरुस्ती मालकावर टाकतं, गवताचं नाव घेत नाही. म्हणून करारातच लिहून घ्या: कचरा, खरकटं आपलं, गवत, कुंपण, बाहेरचा दिवा मालकांचा. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, नोंदणी करून घेणं मालकांचं काम. अकरा महिन्यांत पावसाळा बहुतेक येतोच. तेव्हा गवत किती वेळा काढायचं, तेही आकड्यात लिहा.