विजेवर पोसलेले जंतु आणि आमच्या टाळ्या

मागील महिन्यांत आमच्या पाचोऱ्यास एका विद्वान् पाहुण्यांचें व्याख्यान झालें. विषय विजेवर जगणाऱ्या जंतूंचा. हवेंतला कर्बवायु आणि तारेंतली वीज एवढ्या भांडवलावर हे जंतु औषधें व इंधनें निर्माण करतील. तालुक्यागणिक असा एकेक कारखाना निघाला कीं खानदेशची हवा शुद्ध आणि शेतकरी श्रीमंत, असें त्यांनीं सांगितलें. सभागृहानें टाळ्या वाजविल्या. शिष्टाचार म्हणून मींहि वाजविल्या, आणि त्याचें मला अजून वाईट वाटतें.

शास्त्र खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. २०१० सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील केली नेव्हिन, डेरेक लव्हली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्रॅफाइटच्या ऋणाग्रावर ‘स्पोरोम्युसा ओव्हाटा’ हा जंतु वाढविला, त्यास विजेचे कण भरविले, आणि त्यानें कर्बवायूपासून शिरक्यांतलें आम्ल करून दाखविलें. पुढें २०१२ सालीं लॉस एंजेलिस येथें जेम्स लियाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसऱ्या एका जंतूच्या बीजगुणांतच फेरफार केला. विजेच्या योगानें बनविलेल्या, मुंगीच्या दंशांतल्या आम्लावर त्यास पोसून त्यांनीं इंधनाच्या उपयोगाचीं अल्कोहोलें काढलीं. या विद्येला जो हंसेल तो करंटा.

पण जंतु झाला तरी फुकट राबत नाहीं! किलोभर शिरकाम्ल जाळलें असतां जितकी ऊर्जा निघते, तितकी तरी तें घडवितांना खर्चावीच लागते. म्हणजे निदान चार युनिट वीज, आणि प्रत्यक्षांत पुष्कळच अधिक. त्या किलोभर आम्लांत वायु बांधला जातो तो सुमारें दीड किलो. आतां ही वीज आमच्याच जिल्ह्यांतल्या, भुसावळजवळील दीपनगरच्या भट्ट्यांची असली, तर कोळशाच्या दर युनिटामागें जवळजवळ एक किलो वायु धुराड्यांतून सुटतो. चार किलो सोडावयाचा आणि दीड किलो धरावयाचा! आमच्या पेठेंतला वाणीहि असला जमाखर्च वहीस लावून घेणार नाहीं.

सूर्याची वीज वापरूं म्हणाल, तर ती गोष्ट निराळी. साक्रीजवळ शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ सालापासून उभा आहे. तथापि दिवसाच्या विजेवर पहिला हक्क कोणाचा? ज्या शेतकऱ्यानें वर्षानुवर्षें रात्रपाळीच्या विजेवर, सापाविंचवांच्या भीतींत कपाशीला पाणी भरलें, त्याचा, जंतूंचा नंतर. दुपारची वीज त्यास पुरून उरली, तर ती जंतूंना खुशाल भरवावी. तेवढ्यापुरता मीहि या पंथाचा अनुयायी आहें.

हा हिशेब शाळकरी त्रैराशिकाच्या पलीकडला नव्हता. सभागृहांत रसायनाचे पदवीधर डझनभर तरी होते. एकानेंहि हात वर केला नाहीं. बाहेर पडतांना माझ्याच एका विद्यार्थ्यास मीं कारण विचारलें. तो म्हणाला, “सर, पाहुण्यांना कसें विचारायचें?” त्यास काय बोलणार? मी स्वतः पहिल्या रांगेंत बसून गप्पच होतों कीं!

पुढील व्याख्यानाच्या पत्रिकेंत ‘प्रश्नोत्तरें’ हा शब्द ठळक छापावा, अशी विनंती मीं चिटणिसांस लेखी केली आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.