स्वभाव, रसायन आणि हौदातील जागा

देवणीचे नाव तेथील गोवंशामुळे दूरवर गेले. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे त्या वंशाचे तीन प्रकार. जनावराची पारख वंशावरून करण्यात शेतकऱ्याचे काही चुकत नाही. परंतु हीच कसोटी शाळेतील मुलांनाही लावली जाते. एक 'मुळातच भांडखोर', दुसरा 'मुळातच भित्रा', असा निवाडा होतो आणि भित्रा मागच्या बाकावर जातो. स्वभावाला औषध नाही, ही म्हण मदतीला असतेच. आता तर हा सारा मेंदूतील रसायनांचा खेळ आहे, असे सांगून काही सुशिक्षित त्या निवाड्याला शास्त्राची जोड देतात.

ते शास्त्र नेमके काय सांगते? उजनीच्या जलाशयातील 'चिलापी' सर्वांना ठाऊक आहे. तिची मोझांबिक जात १९५२ साली भारतात आणली गेली. तिचा नर तळाशी खळगा करून त्याची राखण करतो आणि प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडतो. पोर्तुगालमधील रुई ऑलिव्हेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नरांपुढे आरसा ठेवला. नर स्वतःच्याच प्रतिबिंबाशी त्वेषाने झुंजले. मात्र खऱ्या झुंजीत वाढणारी संप्रेरके या वेळी वाढली नाहीत. आरशातील शत्रू ना हरतो, ना जिंकतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ असा की, रसायन बदलते ते केवळ भांडण्याने नव्हे. झुंजीचा निकाल काय दिसतो, यावर ते अवलंबून असते.

ट्राउट माशांची कथा अधिक बोलकी आहे. एका हौदात दोघांना ठेवले की एक वरचढ ठरतो. दबलेल्याच्या मेंदूत सेरोटोनिनची हालचाल वाढलेली राहते. तो हल्ला करीत नाही, पुढ्यातले अन्नही नीट खात नाही. पाहणाऱ्याला तो जन्माचा मंद वाटावा! उलट, ज्यापासून सेरोटोनिन बनते ते ट्रिप्टोफॅन सात दिवस खाद्यातून जास्त दिले, तेव्हा आक्रमक ट्राउटही निवळले. म्हणजे म्हणीतले औषध निदान माशांपुरते तरी सापडले आहे.

माशांवरून माणसाचे अनुमान जपूनच काढावे, हे खरे. पण 'मुळातच' हा शब्द माशालाही लागू पडत नसेल, तर दहा वर्षांच्या मुलाला तो कोणत्या आधाराने लावायचा? टांगानिका सरोवरातील एका जातीत, दांडगा नर हौदातून काढून घेताच इतके दिवस फिकट राहिलेला दुसरा नर काही मिनिटांत रंग धरतो आणि त्याच्या मेंदूतील पेशी कामाला लागतात. त्याचा वंश बदललेला नसतो. हौदातली जागा तेवढी मोकळी झालेली असते.