आईचे दात आणि आमचा अनइन्स्टॉल

मंडळी, ह्या वीकेंडला कोड नाही, नवा फोन नाही, ट्रेक नाही. दात! हसू नका.

माळेगावच्या यात्रेला जोडून चार दिवस सुट्टी टाकली आणि लोह्याला घरी गेलो. मामाच्या शेतात हुरडा होता. आम्ही सगळे तुटून पडलेलो आणि आई बाजूला बसून चहात बिस्किट बुडवतेय. हुरड्यासाठी जीव टाकणारी बाई! विचारलं तर म्हणे, "दात दुखायलेत रे थोडे. वय झालं आता, जायचेच की."

दुसऱ्या दिवशी नांदेडला एका डॉक्टरकडे नेलं. पाच मिनिटांत निकाल: तीन दात मुळाशी किडलेत, काढून टाकू, कवळी बसवू. एक्स-रे नाही, दुसरा पर्याय नाही. आणि मी? मी मान डोलावली. एखादं मॉड्यूल त्रास देतंय म्हणून न वाचता डिलीट केलं, तर मी ज्युनिअरला फाडून खाईन. इथे आईचा जबडा होता आणि मी पार्किंगचा विचार करत होतो.

वाचलो ते लातूरला दाताचा डॉक्टर असलेल्या शाळेतल्या मित्रामुळे. फोनवर त्याने दोनच प्रश्न विचारले. दात हलतायत का? कीड आतल्या नसेपर्यंत पोचलीय का? पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं कुणी बघितलंच नव्हतं.

प्रकार असा आहे. वय वाढतं तशा हिरड्या मागे सरकतात (आमच्याकडे मिसरीने घासघासून आणखी सरकतात) आणि दाताचं मूळ उघडं पडतं. वरच्या भागावर इनॅमलचं चिलखत असतं, मुळावर नसतं. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. मुळाचा भाग त्याच्या बराच आधी, साधारण ६.५ च्या आसपासच. त्यात वयस्कर माणसांच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ कमी होते, म्हणजे आम्ल धुऊन न्यायला कुणी नाही. मग दुखतं म्हणून भाकरी सुटते, दिवसभर गोड चहा आणि बिस्किट सुरू होतं, आणि कीड अजून वेगाने पसरते. म्हणजे "वय झालं" हे कारण अर्धंच. उरलेलं अर्धं रोजच्या बशीत आहे.

आणि मूळ किडलं म्हणजे रूट कॅनाल, हाही गैरसमज. नस शाबूत असेल तर त्याची गरज नसते. कीड वरवरची असेल तर जास्त ताकदीचं फ्लोराइड लावून ती कडक करून थांबवता येते. साध्या पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम असतं, मुळाच्या किडीला ५००० पीपीएमची पेस्ट द्यावी असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१८ मध्येच सांगितलं. दुसरा उपाय सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. थेंबभर औषध, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. खड्डा पडलाच असेल तर हाताच्या अवजारांनी साफ करून ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. वीज गेली तरी काम अडत नाही, म्हणजे जणू आमच्यासाठीच शोधलेलं! ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून आहेत. मग ती तालुक्याच्या दवाखान्यात सहज का मिळू नयेत?

मामा म्हणाला, आपल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त, अजून कशाला? नांदेड जिल्ह्यातल्या बऱ्याच बोअरला ते जास्त आहे, खरंय. पण वर्षानुवर्षं पोटात जाणारं पाणी वेगळं आणि किडीवर लावून पुसलेला थेंब वेगळा.

सरकारला शिव्या घालणं सोपं आहे, आता आपल्याकडे बघू. आपण आईबाबांचा मेडिक्लेम काढतो आणि सुटलो म्हणतो. त्यात दात सहसा नसतातच, अपघात सोडून. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वरच्या सगळ्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कवच मिळालं, तेही दवाखान्यात भरती झाल्यावरचं. मुळावर थेंब लावायला कोण भरती होतं? म्हणजे खर्च खिशातूनच, आणि तो आपल्या एका वीकेंडच्या हॉटेलच्या बिलापुढे किरकोळ. पोरांच्या दुधाच्या दातांना आपण स्पेशालिस्ट शोधतो. आईला मात्र, "काढून टाक, त्रास संपेल."

असो. लातूरला एक्स-रे निघाला. एक दात खरंच गेलेला होता, तो काढला. एकात सिमेंट भरलं. तिसऱ्याला सिल्व्हरचा थेंब. कीड थांबते, पण डाग कायमचा काळा पडतो. हे डॉक्टरने आधी सांगितलं होतं. आईने घरी येऊन आरसा बघितला आणि म्हणाली, "लातूरला नेऊन तोंड काळं करून आणलास की रे माझं!"

तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचंय. रजा टाकलीय. मॅनेजरला कारण "दात" असंच लिहिलंय. बिस्किटांचा डबा मी मामाकडे देऊन आलो होतो, काल फोनवर कळलं की तो परत आलाय.