ओळखीही वेगवेगळ्या खात्यांत असाव्यात

या सदरातून आजवर आपण ४०१(के), मुलांच्या कॉलेजची तरतूद, आयुर्विमा अशा विषयांवर पुष्कळ वाचले. सगळा पैसा एकाच कंपनीच्या शेअर्समध्ये ठेवू नये, हे आता घरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ झाले असेल. माणसांच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे वागतो, असे माझे मत आहे. आपल्या सगळ्या ओळखीपाळखी एकाच खात्यात जमा आहेत.

समाजशास्त्रज्ञ ज्याला 'सामाजिक भांडवल' म्हणतात, ते काही अवघड प्रकरण नाही. अडचणीच्या वेळी आपण कोणाला फोन करू शकतो, आणि तो माणूस पुढे कोणाला करू शकतो, याची ही पुंजी. पण ती नुसती मोठी असून भागत नाही; कुठे कुठे गुंतवली आहे, यालाही महत्त्व आहे. याचे उदाहरण याच देशातल्या दोन गावांत सापडते.

ओहायोतले यंग्सटाउन आणि पेनसिल्व्हेनियातले ॲलनटाउन. दोन्हीकडे पोलाद आणि अवजड कारखानदारी यांवर पोट. १९ सप्टेंबर १९७७ या दिवशी यंग्सटाउन शीट अँड ट्यूब कंपनीने आपला कॅम्पबेल वर्क्स हा कारखाना बहुतांशी बंद करत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे ५,००० नोकऱ्या गेल्या. तिथे त्या दिवसाला 'ब्लॅक मंडे' म्हणतात. ॲलनटाउनही सुटले नाही. १९८७ मध्ये मॅक ट्रक्सचा तिथला कारखाना बंद झाला. शेजारच्या बेथलहेम गावात बेथलहेम स्टीलने १९९५ मध्ये पोलाद करणे थांबवले आणि २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. तरीही १९७० मध्ये सुमारे १ लाख ४० हजार वस्तीचे यंग्सटाउन २०२० मध्ये ६० हजारांवर आले, तर ॲलनटाउन १ लाख १० हजारांवरून १ लाख २६ हजारांवर गेले.

शॉन सॅफर्ड यांनी २००९ मध्ये या दोन गावांवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की यंग्सटाउनमध्ये एकोप्याची वाण नव्हती. उलट तो फारच घट्ट होता. उद्योगात जी घराणी एकत्र, तीच क्लबात आणि तीच गार्डन क्लबातही. धंदा बुडाला तेव्हा धंद्यातले संबंध आणि गावकीतले संबंध एकदमच बुडाले. ॲलनटाउनच्या परिसरात मात्र बॉय स्काउट्सच्या आणि विद्यापीठांच्या मंडळांवर अशी माणसे शेजारी बसत, ज्यांचा एरवी धंद्यात एकमेकांशी संबंध येत नसे. संकट आले तेव्हा हे दुवे शाबूत होते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच शिकवतात: दोन सर्व्हर ठेवले, पण दोन्हींची वीज एकाच तारेवर, तर ते दोन नव्हेत, एकच.

ॲलनटाउनला न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया जवळ आहेत, तिथली वस्ती बाहेरून आलेल्या लॅटिनो कुटुंबांमुळे वाढली आणि तिथे गरिबीही आहे, हे सगळे खरे. नुसत्या ओळखींवर गाव तरत नाही. पण त्यांच्यावाचूनही तरत नाही.

आपल्याला हे गिरणगावावरूनही कळायला हवे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा चाळींत भजनी मंडळांची किंवा भिशीची कमतरता नव्हती. पण भिशीतले बाराही जण गिरणीतलेच असले, तर पगार थांबल्यावर भिशी भरायची कोणी? याउलट प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने खानावळी चालवणाऱ्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेपर्यंत नेले. सावकाराचे दार सोडवणारा तो दुवा चाळीबाहेरचा होता.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या कार्यकारिणीत नऊ जण आहेत. त्यांतले सात सॉफ्टवेअरमधले. २०२२-२३ मध्ये आमच्या क्षेत्रात नोकरकपातीची लाट आली, तेव्हा "तुमच्याकडे एखादी जागा आहे का हो?" असे विचारणारा आणि ज्याला विचारायचे तो, दोघेही एकाच धास्तीत होते. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या ओळखी होत नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात दाखवले की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण उघड आहे. रोज भेटणाऱ्याला ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते.

कोणी म्हणेल, मंडळ हे चार घटका मराठीत बोलायला असते, नोकऱ्या लावायला नव्हे. अगदी मान्य. गणपती, दिवाळी, नाटक यांतले काहीही कमी करू नये. माझे म्हणणे भर घालण्याचे आहे. प्रत्येक कुटुंबाने महिन्यातून एक संध्याकाळ गावातल्या एखाद्या संस्थेला द्यावी: वाचनालय, शाळेची पालकसंस्था, फूड पँट्री, स्वयंसेवी अग्निशामक दल. मी शनिवारी सकाळी फूड पँट्रीत खोकी भरतो. तिथे निवृत्त यंत्र-कारागीर, नर्स, शाळेच्या बसचा चालक असे सगळे भेटतात. मला तिथे नोकरी मिळालेली नाही, आणि त्यासाठी मी जातही नाही; हेतू ठेवून केलेली ओळख समोरच्याला लगेच कळते. पण गावात काय बंद होते आहे आणि काय सुरू होते आहे, हे मला तिथेच प्रथम कळते.

दुसरे, मंडळाच्या सभासद-यादीत नावापुढे व्यवसायाचाही रकाना असावा. आपल्यात नर्स आहेत, शिक्षिका आहेत, उपाहारगृह चालवणारे आहेत. आपण त्यांना केवळ 'अमक्याची आई', 'तमक्याचे बाबा' म्हणून ओळखतो.

यासाठी पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि तो संकटाच्या आधीच द्यावा लागतो, विम्याच्या हप्त्यासारखा. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.